दुरुस्त करू की नवं घेऊ? या वेळी : तुटलेली फ्लेक्सिबल कवळी



मिक्सरचं भांडं, छत्रीची काडी, कुकरचा दांडा असं करत करत आपलं हे सदर आज चक्क तोंडापर्यंत येऊन पोहोचलंय. आजचा विषय आहे कवळी. त्यातही काही दातांपुरती असलेली, काढता-घालता येणारी, वाकणारी फ्लेक्सिबल कवळी.

चष्म्याची काडी मोडली तर ते सगळ्या घराला कळतं. कवळी मोडली तर फक्त बेसिनवरच्या आरशाला कळतं. आजी गुपचूप ती रुमालात गुंडाळून ठेवते. बाबा ‘आज भूक नाही’ म्हणतात. सासूबाई भाकरीऐवजी दूध-पोळी कुस्करून खायला लागतात आणि आपल्याला वाटतं, वयानुसार जेवण कमी झालं असेल.

म्हणून हा लेख दोघांसाठी आहे. ज्यांच्या तोंडात कवळी आहे त्यांच्यासाठी, आणि ज्यांच्या घरात कवळी वापरणारं कुणी आहे त्यांच्यासाठीही.

आधी ओळख करून घेऊ

आपल्याकडे काढता-घालता येणाऱ्या अर्ध्या कवळ्या साधारण तीन प्रकारच्या दिसतात.

पहिली ॲक्रिलिकची. गुलाबी, कडक, थोडी जाड. बहुतेक वेळा तिला धरून ठेवायला तारेच्या पकडी असतात. सगळ्यांत स्वस्त हीच.

दुसरी धातूच्या सांगाड्याची. पातळ आणि मजबूत. तिचे छोटे आधार शेजारच्या खऱ्या दातांवर टेकतात, त्यामुळे चावण्याचा भार दात आणि हिरडी यांच्यात वाटला जातो.

तिसरी आपली आजची पाहुणी, फ्लेक्सिबल. ही नायलॉनच्या जातीच्या प्लास्टिकची असते. तिच्यात तारा दिसत नाहीत. पकडीसुद्धा त्याच गुलाबी मटेरियलच्या असतात, त्यामुळे हसताना काही चकाकत नाही. बोटांनी दाबली तर किंचित वाकते, हलकी असते, टोचत कमी. म्हणूनच ती अनेकांना आवडते. ज्यांना ॲक्रिलिकची किंवा धातूची ॲलर्जी आहे, त्यांच्यासाठी तर हा मोठाच दिलासा असतो.

तुमच्या घरातली कवळी यातली कोणती, हे आधी माहीत करून घ्या. कारण दुरुस्तीचं सगळं गणित मटेरियलवर अवलंबून आहे. बडोद्यात तिला चोकठुं म्हणा, हैदराबादेत कट्टुडु पळ्ळु म्हणा, दिल्लीत नकली दाँत म्हणा. नावाने काही अडत नाही, मटेरियलने अडतं.

नायलॉन आणि तोंडाचं जुनं नातं

एक गंमत सांगते. नायलॉन म्हटलं की आपल्याला साडी किंवा दोरी आठवते. पण 1938 मध्ये अमेरिकेत नायलॉनची पहिली वस्तू बाजारात आली, ती होती टूथब्रश! त्याआधी ब्रशचे केस डुकराचे असायचे. म्हणजे नायलॉन अंगावर येण्याआधी तोंडात आलं.

कवळीचा पायाही असाच बदलत गेला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून कडक केलेल्या रबराच्या कवळ्या होत्या. 1930 च्या दशकात ॲक्रिलिक आलं आणि त्याने रबराला मागे टाकलं. मग 1950 च्या दशकात अमेरिकेत नायलॉनच्या लवचीक कवळ्या सुरू झाल्या. आता त्या भारतातल्या लहान शहरांतल्या डेंटल लॅबमध्येही बनतात.

बनवायची पद्धत दोघींची वेगळी आहे. ॲक्रिलिकची पावडर आणि द्रव कालवून कणकेसारखा गोळा होतो, तो साच्यात दाबून उष्णतेने कडक करतात. नायलॉन मात्र कालवता येत नाही. ते पार वितळवून, मोठ्या दाबाने बंद साच्यात सोडावं लागतं. त्यासाठी वेगळं यंत्र लागतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

मग ती चिकटत का नाही?

मातीच्या चुलीला चीर गेली तर काय करतात? ओल्या मातीचा हात फिरवतात. नवी माती जुन्या मातीत मिसळते आणि चीर बुजते. ॲक्रिलिकची दुरुस्ती तशीच असते. दुरुस्तीचा द्रव जुन्या ॲक्रिलिकचा वरचा थर थोडा विरघळवतो आणि नवं-जुनं एकजीव होतं. म्हणून ॲक्रिलिकची कवळी दुभंगली तर लॅब अनेकदा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी जोडून देते.

नायलॉनवर तो द्रव काहीच करू शकत नाही. तेल लावलेल्या तव्यावर कागद चिकटवण्यासारखं ते होतं. वरवर बसल्यासारखं वाटतं आणि पहिल्या घासाला सुटतं.

आता दात कसे बसवलेले असतात ते पाहा. कवळीवरचे दात बहुतेक वेळा ॲक्रिलिकचे असतात. ते नायलॉनला चिकटत नाहीत. म्हणून टेक्निशियन दाताच्या पोटात बारीक भोकं पाडतो. वितळलेलं नायलॉन त्या भोकांत शिरतं आणि थंड झाल्यावर खिळीसारखं अडकून बसतं. म्हणजे फ्लेक्सिबल कवळीतला दात चिकटलेला नसतो, अडकवलेला असतो.

थोडक्यात, ज्या गुणामुळे ही कवळी तोंडात सुखाची वाटते, त्याच गुणामुळे तिची दुरुस्ती अवघड होते.

तुटल्यावर लगेच काय करायचं?

कवळी हातात दोन तुकड्यांत आली, किंवा जेवताना दात सुटून घासात आला. घाबरू नका. एवढं करा.

सगळे तुकडे मोजा. शेवटी जुळवून पाहा. एखादा तुकडा सापडत नसेल आणि गिळल्यासारखं वाटत असेल, घशात टोचत असेल, खोकला थांबत नसेल, छातीत दुखत असेल किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल, तर सरळ हॉस्पिटल गाठा. उरलेले तुकडे सोबत न्या. ॲक्रिलिकचा किंवा नायलॉनचा तुकडा साध्या एक्स-रेमध्ये सहसा दिसत नाही. त्यामुळे ‘एक्स-रेत काही नाही’ एवढ्यावर समाधान मानू नका. कवळीचा तुकडा गेला असावा, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

तुटलेली कवळी घालू नका. तुटलेली कड जिभेला आणि गालाला कापते. शिवाय अर्धवट बसलेली छोटी कवळी झोपेत घशात जाण्याचा धोका असतो.

धुऊन झाकणाच्या डबीत, साध्या पाण्यात ठेवा. टिश्यू पेपरात किंवा रुमालात गुंडाळू नका. कितीतरी कवळ्या टिश्यूबरोबर कचऱ्यात जातात. आणि घरात कुत्रा असेल तर डबी उंच ठेवा. कुत्र्यांना कवळी चघळायला फार आवडते.

फेव्हिक्विकसारखा गोंद लावू नका. यावर सगळ्यांत जास्त मोह होतो, म्हणून कारण सांगते. हा गोंद नायलॉनला नीट धरत नाही. वर वाळून खडबडीत थर होतो. तुकडे केसभर जरी वाकडे जुळले, तरी कवळी हिरडीवर चुकीच्या जागी दाबते. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, लॅबला तुकडे नेमके जुळवायचे असतात. कडांवर गोंद बसला की ते जुळत नाहीत. जे काम होऊ शकलं असतं, तेही हातचं जातं.

कानस, ब्लेड, मेणबत्ती, उकळतं पाणी, काही नको. फ्लेक्सिबल कवळीची पकड डॉक्टर गरम पाण्याचा वापर करून घट्ट-सैल करतात, हे खरं आहे. पण किती गरम, किती वेळ आणि किती वाकवायचं, हे तोंडात बसवून बघत ठरवावं लागतं. घरच्या पातेल्यात ते जमत नाही.

जुनी, आधीची कवळी असेल तर तीही सोबत न्या. आणि दवाखान्यात जाईपर्यंत जेवण सोडू नका. मऊ मुगाची खिचडी, घट्ट वरण-भात, दही, उकडलेलं अंडं, पनीर, नाचणीचं सत्त्व, मऊ उपमा. नुसत्या चहा-बिस्किटावर दिवस काढायचे नाहीत. डायबिटीसची गोळी किंवा इन्शुलिन सुरू असेल तर तर अजिबातच नाही.

काय बिघडलंय, त्यावर निकाल

आता आपला नेहमीचा भाग. बिघाड पाहू आणि काय होऊ शकतं ते पाहू.

पकड सैल झाली किंवा फार घट्ट बसते. हे सर्वांत सोपं काम. बहुतेक वेळा डॉक्टर खुर्चीवरच ते करून देतात. दुरुस्तीच करा.

दात सुटला, पण गुलाबी भाग धड आहे. दात जपून ठेवला असेल तर उत्तम. कवळी लॅबमध्ये जाते. कधी तोच दात, कधी नवा दात नव्याने अडकवावा लागतो. दुरुस्ती शक्य असते, पण ‘उभ्या उभ्या करून द्या’ असं म्हणू नका. घाईत कोल्ड क्युअर ॲक्रिलिक लावून बसवलेला दात फार टिकत नाही.

पकड मोडून हातात आली. इथे अवघड वळण सुरू होतं. लॅबला मेणात पकड घडवून, पुन्हा साचा करून, नवं नायलॉन सोडावं लागतं. नवं नायलॉन जुन्याला किती धरेल हे जाडीवर आणि जागेवर अवलंबून असतं. काही लॅब हे काम घेतात, काही सरळ ‘नवी करा’ म्हणतात. दोघांचंही म्हणणं खरं असू शकतं. दुरुस्तीचा खर्च नव्या कवळीच्या जवळपास जात असेल तर नवी परवडते.

मधोमध दोन तुकडे. नव्याची तयारी ठेवा. सगळा भार पेलणाऱ्या जागेवरच जोड आला, तर तो पुन्हा सुटायची शक्यता मोठी.

कवळी तुटली नाही, पण हलते. खाली दाणे अडकतात. दात काढल्यावर त्या जागेचं हाड हळूहळू झिजतं. पहिल्या काही महिन्यांत ते सर्वांत वेगाने झिजतं. म्हणून दात काढल्याबरोबर केलेली कवळी वर्षभरात सैल वाटू लागते. कवळी खराब झालेली नसते, तिच्याखालची जमीन खचलेली असते. ॲक्रिलिकच्या कवळीला आतून नवा थर देता येतो. फ्लेक्सिबलला तो थर लॅबमध्येच, तिच्याच पद्धतीने द्यावा लागतो, आणि सगळीकडे ते करत नाहीत. मेडिकलच्या दुकानातून चिकटवायची पेस्ट आणून महिनोन्‌महिने दिवस ढकलू नका.

शेजारचा आणखी एक खरा दात पडला. कधी कधी त्याच कवळीत दात वाढवता येतो. त्यासाठी डॉक्टर कवळी तोंडात ठेवूनच वरून माप घेतात आणि कवळीसकट ते माप लॅबला जातं. म्हणजे काही दिवस कवळीशिवाय काढावे लागतात. घरात लग्न, मुंज, प्रवास असेल तर तारीख आधी सांगा. पडलेला दात पकडीचा आधार असेल, तर मात्र बहुधा नवीच.

रंग गेला, वास येतो, खरखरीत लागते. ही मोड नाही, आजारपण आहे. नायलॉनला चकाकी देणं अवघड असतं. चुकीच्या चाकावर घासलं की त्याचे बारीक तंतू सुटतात. खडबडीत जागी थर साचतो आणि तिथे बुरशी वाढते. टाळू किंवा हिरडी लाल दिसत असेल तर आधी डॉक्टरांना तोंड दाखवा, मग कवळी.

‘कशी जोडू’च्या आधी ‘का तुटली’

आता मुख्य मुद्दा.

माझी आत्या इंदूरला असते. तिच्या वरच्या फ्लेक्सिबल कवळीची डावी पकड मोडली. लॅबमधून ती नीट होऊन आली. तीन महिन्यांत त्याच जागी पुन्हा मोडली. घरात लगेच चर्चा सुरू झाली. मटेरियल हलकं दिलं, लॅबने फसवलं, आता दुसरा दवाखाना बघा. आत्या गप्प. तिला वाटत होतं, आपलंच काहीतरी चुकतंय आणि आपल्यामुळे पोरांचा पुन्हा खर्च होतोय. तिने सांगूनच टाकलं, ‘राहू दे गं, मला चालतंय.’ चालत काही नव्हतं. तिच्या आवडीचे भुट्टे कधीच बंद झाले होते, आता पोळीसुद्धा वरणात भिजवून खात होती.

दुसऱ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी कवळीकडे नंतर पाहिलं. आधी त्यांनी त्या पकडीखालचा खरा दात दोन बोटांत धरून हलवून पाहिला. दात हलत होता. हिरडीचा आजार आतल्या आत वाढला होता. दात हलायचा, प्रत्येक घासाला पकड वाकायची, आणि वाकून वाकून ती मोडायची. तिसऱ्यांदा पकड लावली असती तर तिसऱ्यांदा मोडली असती. आधी हिरडीचे उपचार झाले आणि मग कवळीचा विचार नव्याने झाला. या वेळी धातूच्या सांगाड्याची, आधार दुसऱ्या धड दातांवर.

या गोष्टीत दोष कवळीचाही नव्हता, लॅबचाही नव्हता आणि आत्याचा तर नव्हताच.

फ्लेक्सिबल कवळी पडून सहसा फुटत नाही. ॲक्रिलिक पडलं की तडकतं. हिला ती भीती कमी. ही तुटते ती बहुधा वारंवार एकाच जागी वाकून. लोखंडी तार हाताने मागेपुढे वाकवत राहिली की शेवटी तुटते ना, तसंच. म्हणून ती तुटली की समजा, कुठेतरी काहीतरी रोज हलतंय. एक तर आधाराचा दात हलतोय. किंवा हिरडी आणि हाड खचून कवळी डुलतेय. किंवा समोरचा दात एकाच जागी जोरात आदळतोय. किंवा झोपेत दात खाण्याची सवय आहे. किंवा कवळी त्या जागी मुळातच पातळ झालीय. किंवा काढताना रोज एकाच बाजूची पकड धरून ओढली जातेय.

कारण सापडलं तर दुरुस्ती टिकते. कारण तसंच ठेवलं तर नवी कवळीही टिकत नाही.

नवी करायची ठरली, तर पुन्हा फ्लेक्सिबलच?

असं काही नाही. ‘जुनी होती तशीच द्या’ म्हणण्याआधी थोडा विचार करा.

फ्लेक्सिबलला दातांवर टेकणारे आधार सहसा नसतात. चावण्याचा बहुतेक भार हिरडीवर येतो. एक-दोन समोरचे दात असतील तर ती छान चालते. पण मागच्या दाढा गेल्या असतील आणि रोजची भाकरी, मटण, शेंगदाणे चावायचे असतील, तर धातूच्या सांगाड्याची कवळी अनेकदा जास्त स्थिर बसते.

पुढे आणखी दात पडण्याची शक्यता असेल, तर साधी ॲक्रिलिक कवळीच शहाणपणाची ठरू शकते. दिसायला थोडी जाड, पण दात वाढवणं, जोडणं, आतून थर देणं, सगळं सोपं आणि कमी खर्चाचं.

ॲलर्जीमुळे फ्लेक्सिबल दिली असेल तर हे डॉक्टरांना आठवणीने सांगा. नाही तर दुरुस्तीच्या नादात नको तेच मटेरियल तोंडात यायचं.

कायमचा पूल बसवणं किंवा इम्प्लांट हेही पर्याय आहेत. पुलासाठी शेजारचे दात धड हवेत आणि ते थोडे घासावे लागतात. इम्प्लांटसाठी पुरेसं हाड हवं, साखर आटोक्यात हवी, आणि खर्च या सगळ्यांत जास्त. वय हे एकटं कारण नसतं, ना करण्याचं, ना टाळण्याचं. ‘आता या वयात कशाला’ हे वाक्य मात्र घरातल्या कुणीच म्हणू नये. जेवण कुठल्याही वयात लागतं.

डॉक्टरांना विचारायचे सहा प्रश्न

स्क्रीनशॉट काढून ठेवा.

1. माझी कवळी नक्की कोणत्या मटेरियलची आहे?
2. ती या जागी का तुटली असेल?
3. आधाराचे दात आणि हिरडी धड आहेत का?
4. दुरुस्ती खुर्चीवर होईल की लॅबमध्ये, आणि कवळी किती दिवस तिथे राहील?
5. दुरुस्ती किती टिकण्याची अपेक्षा धरू? पुन्हा त्याच जागी तुटली तर काय?
6. दुरुस्तीचा आणि नव्या कवळीचा खर्च दोन्ही सांगाल का?

नवी करून घेताना मटेरियलचं नाव बिलावर लिहून घ्या. चार वर्षांनी दुसऱ्या शहरात मुलाकडे राहायला गेलात, तर तिथल्या डॉक्टरांचं अर्धं काम त्या एका ओळीने होतं.

जायचं कुठे?

आधी ज्यांनी कवळी केली त्यांच्याकडे. त्यांच्याकडे तुमची जुनी मापं, लॅबची माहिती असते. ते शक्य नसेल तर कृत्रिम दातांचे तज्ज्ञ, म्हणजे प्रोस्थोडॉन्टिस्ट, गाठा. बीडीएसनंतर या विषयात एमडीएस केलेले डॉक्टर ते. थेट लॅबमध्ये कवळी देऊन यायचा मोह टाळा. टेक्निशियनचा हात कितीही चांगला असला, तरी तुमचा दात हलतोय का हे त्याला तुकड्यावरून कळणार नाही.

खाजगी खर्च झेपत नसेल तर दंत महाविद्यालयांत कृत्रिम दातांचा स्वतंत्र विभाग असतो. मुंबईत शासकीय दंत महाविद्यालय आणि महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे. नागपूरला, छत्रपती संभाजीनगरला, गोव्यात बांबोळीला आहे. महाराष्ट्राबाहेरच्या वाचकांसाठी इंदूर, अहमदाबाद, बेंगळुरू, हैदराबाद इथेही सरकारी दंत महाविद्यालयं आहेत. कोलकात्याचं डॉ. आर. अहमद डेंटल कॉलेज तर 1920 सालचं, भारतातलं पहिलं. तिथे खेपा जास्त होतात, रांग असते, पण शिकवणारे डॉक्टर काम तपासतात. फ्लेक्सिबल होते का, हे मात्र आधी विचारून जा.

आरोग्य विमा असेल तर पॉलिसीतली दातांबद्दलची अट वाचा. अपघात सोडून इतर दातांचे खर्च अनेक पॉलिसींत धरलेले नसतात.

पुन्हा तुटू नये म्हणून

काढताना दोन्ही बाजूंना बोटं लावून, हळूहळू, एकसारखी काढा. एका पकडीला धरून ओढू नका. आणि दातांनी चावून बसवू नका, बोटांनी बसवा.

धुताना बेसिनमध्ये थोडं पाणी भरा किंवा खाली टॉवेल पसरा. मऊ ब्रश आणि सौम्य साबण पुरे. टूथपेस्टने घासू नका, तिच्यातल्या बारीक कणांनी ओरखडे पडतात. ब्लीच, फिनाइल, उकळतं पाणी चालणार नाही. कवळीच्या गोळ्या वापरत असाल तर पाकिटावर फ्लेक्सिबलसाठी चालतात का हे बघा.

रात्री काढून पाण्यात ठेवा. हिरडीलाही झोप लागते.

उरलेले खरे दात दोन वेळा घासा, खास करून पकडीच्या शेजारचे. तिथेच अन्न अडकतं, तिथेच कीड लागते, आणि तेच दात गेले तर कवळी कशाला धरणार?

ऊस, चिक्की, सुपारी, मक्याचं कडक कणीस कवळीने फोडू नका. कणसाचे दाणे सोलून खा, उसाचा रस प्या. चव तीच.

वर्षातून एकदा कवळी आणि तोंड दोन्ही दाखवा, काही दुखत नसलं तरी. गाडीची सर्व्हिसिंग आपण बंद पडायची वाट बघून करत नाही ना?

तर आपला निकाल

पकड सैल असेल, एखादा दात सुटला असेल आणि आधार धड असतील, तर दुरुस्त करा. मधोमध तुटली असेल, एकाच जागी दुसऱ्यांदा मोडली असेल, आधाराचा दात गेला असेल किंवा खालची हिरडी खचली असेल, तर नवी घ्या. आणि दोन्ही वेळी, पैसे देण्याआधी ‘का तुटली’ हे विचारा.

आज रात्री जेवताना एक काम कराल? घरातल्या मोठ्यांच्या ताटाकडे जरा लक्ष द्या. भाकरीचा काठ बाजूला काढलाय का? काकडीची कोशिंबीर तशीच राहिलीय का? घास एकाच गालात फिरतोय का? चारचौघांत विचारू नका. जेवण झाल्यावर, एकटं असताना, हलकेच विचारा : ‘कवळी त्रास देतेय का?’ लगेच ‘नाही’ म्हणतील. दुसऱ्यांदा विचारा. आणि खर्चाचा विषय निघायच्या आत दवाखान्याची वेळ घेऊन टाका.

लेख घरच्या ग्रुपवर पाठवायला हरकत नाही. पण आजी-आजोबा त्या ग्रुपवर असतील तर ‘हे तुमच्यासाठी’ असं लिहून पाठवू नका बरं!

पुढच्या वेळी भेटू एका जुन्या, करकरणाऱ्या, पण सगळ्यांच्या लाडक्या वस्तूबरोबर : आजोबांची आरामखुर्ची. दुरुस्त करू की नवी घेऊ?

तोपर्यंत, नीट चावून जेवा.